बिल्ल्याचं वजन

अमरावती, २ मे २००४

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

तुझी आई तिथे जर्मनीत सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. इथे ऊन मरणाचं आहे, पण माठ मला भरता येतो, असं तिला सांग.

तू हौसेने विमान शिकलीस, परवाना काढलास, मी गल्लीत पेढे वाटले. आता आईला विमानात बसवणार म्हणतेस, आणि मी अजून पासपोर्टचा अर्जसुद्धा केला नाही म्हणून रुसली आहेस. फोनवर मी नुसता हो-हो करतो, म्हणून आज स्पष्ट लिहितो. एकतीस वर्षं मी एस.टी. चालवली. गाडी चालवणं कुणालाही शिकवता येतं, गाडी जागेवर थांबवून ठेवणं शिकवता येत नाही. तुझ्या नीलिमाआत्याच्या लग्नाला आपलं सगळं वऱ्हाड माझ्याच गाडीत होतं. ब्रेकची हवा उतरत होती. दुसरी गाडी येईपर्यंत चार तास मी चाक हलवलं नाही. नवरदेव मांडवात ताटकळला. सख्खी बहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

तुझा स्वभाव वेगळा. वाढणारीला वाईट वाटू नये म्हणून तू पोट भरल्यावरही तिसरी भाकर घेतेस. आपल्या माणसांना तुला नाही म्हणता येतं, हे मला दिसेपर्यंत मी तुझ्या विमानात बसणार नाही. आईचं तिने ठरवावं.

केतनरावांना जयभीम. उर्जाला आजोबांचा गोड पापा, ती जर्मनमध्ये कुरकुरली तरी. माया आहे म्हणून काळजी आहे, राग मानू नकोस.

तुझा बाबा,
यादवराव


एर्लांगेन, २४ मे २००४

श्री. यादवराव यांस,
द्रौपदीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

अहो, काल रविवारी तुमच्या लेकीने मला चारचौघांत काट्यावर उभं केलं! या लहान विमानात माणसं, सामान, पेट्रोल सगळ्याचं वजन आधी कागदावर मांडतात. मी तिला बासष्ट किलो सांगितलं होतं. मैदानावर तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीकडे एकदा पाहिलं आणि काटा आणला. मी एकाहत्तर भरले. पिशवी आठ किलो. आता प्रवासाला निघायचं आणि सोबत शिदोरी नको? थालीपिठं, जवसाची चटणी, लोणच्याची बरणी, केळी, पाणी. पाऊण तासाच्या प्रवासाला कोण एवढं खाणार, असं ती म्हणाली. मी म्हटलं, रस्त्यात काय होईल ते सांगता येतं का? त्यावर ती म्हणाली की वर रस्ताच नसतो.

आधीच्या माणसाने टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. पिशवी खाली ठेवली तरी पाच किलो जास्तच. केतनराव म्हणाले, मी इंजिनियर आहे, पाच किलोने काही विमान पडत नाही. तिथल्या विमान-क्लबचे दोन म्हातारेही मान डोलवत होते. उत्कर्षाने शांतपणे केतनरावांना उतरायला सांगितलं. अहो, जावयाला खाली बसवून सासूने उडायचं ही कुठली रीत? मी उतरते म्हटलं, तर म्हणाली, आजची फेरी आईसाठी आहे. माझं तोंड एवढंसं झालं.

वर गेल्यावर मात्र सगळं विसरले. मोहरीसारखी पिवळी शेतं, आणि माशांचे तलाव तर शंभर पराती पाणी भरून उन्हात मांडाव्यात तसे. मागून उर्जा तिची शाळा दाखवत जर्मनमध्ये ओरडत होती, मला सगळं समजलं. मी लेकीच्या हाताकडे बघत होते. दांड्यावर हात अगदी तुमच्यासारखा, घट्ट नाही नि सैल नाही.

खाली आलो तर केतनरावांनी क्लबवाल्यांसोबत थालीपिठं संपवलेली.

औषधं वेळेवर घ्या. माझी आठवण काढा, पण माठासाठी नको.

तुमची,
द्रौपदी


एर्लांगेन, २४ मे २००४

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

आईच्या पत्रासोबत हे चार शब्द.

तुमचं पत्र आठवून मी कालचा निर्णय घेतला, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त केतनचा चेहरा दिसत होता. ही फेरी त्यानेच आखली होती, नकाशावर आईसाठी मराठीत गावांची नावं लिहिली होती. शनिवारच्या पावसाने धावपट्टीवरचं गवत ओलं होतं, चाकं जड चालणार होती, आणि पलीकडच्या टोकाला उंच झाडं आहेत. ते पाच किलो घेऊन कदाचित काहीच झालं नसतं, बाबा. खरंच नसतं. मला कधीच कळणार नाही. ते न कळतानाच नाही म्हणायचं, हे मला सगळ्यात जड गेलं. नीलिमाआत्याच्या लग्नाच्या दिवशी तुम्हालाही असंच वाटलं असेल का?

घरी येताना केतन गाडीत नुसती त्या नकाशाची घडी घालत-उलगडत होता. जेवताना त्याने लोणचं मागितलं, तेव्हा मी अख्खी बरणीच त्याच्यापुढे सरकवली.

एक गंमत आईने लिहिली नसणार. विमानात चढताना तिच्या मुठीत रुमाल होता. त्यात तुमचा ड्रायव्हरचा पितळी बिल्ला. तुम्हाला न विचारता पेटीतून आणलेला. मी तोही कागदावर लिहिला, अंदाजे तीस ग्रॅम. रात्री तो कागद वाचून केतन त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे, तो तसाच राहू द्या.

तुमची,
उत्कर्षा


अमरावती, ५ जून २००४

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. तुझं तीनदा वाचलं. हो, असंच वाटलं होतं. ती ब्रेकची हवा मांडवापर्यंत पुरलीही असती कदाचित. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझ्या आईचे बासष्ट किलो उर्जाच्या बारशाच्या वेळचे आहेत. ती खोटं बोलली नाही, जुनं बोलली.

काल चारुदत्तच्या धान्याच्या दुकानात जाऊन मोठ्या काट्यावर उभा राहिलो. बूट, चष्मा, पँट-शर्ट आणि हातात छत्री. एकोणसत्तर किलो तीनशे ग्रॅम. चारुदत्तने दोनदा तोलून पाहिलं आणि किती भाव लावू म्हणून विचारलं. तिथून तसाच जाऊन पासपोर्टचा अर्ज आणला. फोटोत मी फार गंभीर आलोय.

केतनरावांना सांग, सासऱ्यासाठी त्यांनी पुन्हा खाली बसू नये. पण बसवावं लागलं तर बसव. गाडी तुझी आहे.

माया पूर्वीइतकीच आहे, काळजी थोडी कमी केली आहे.

तुझा बाबा,
यादवराव

ता. क. : पेटीत आठ दिवस शोधत होतो. बिल्ला आता तुझ्याकडेच राहू दे. माझ्या वजनात तो धरलेला नाही.