एकेक काढून बघू

सोमवार, ४ तारीख

देवाची कृपा, अखेर माझं म्हणून एक घर मिळालं. भावाकडे इतकी वर्षं काढली, पण वहिनीच्या डब्यातली साखर घेतानाही आधी खोकावं लागायचं. आज मी माझ्या हातांनी माझ्या स्वयंपाकघराच्या फळ्या पुसल्या, डबे उंचीप्रमाणे लावले आणि कोणी काही बोललं नाही. या वयात लग्न म्हणून लोक हसले असतील. हसोत. वहिनीने निघताना सांगितलंच आहे की हे दार आता तुझ्यामागे बंद झालं असं समज. समजले. आता या घरातून हलायचं नाही.

हे निवृत्त आहेत. बोलतात कमी, ताटात टाकत काही नाहीत, खोलीतून निघताना दिवा बंद करतात. मला आणखी काय हवं? सासूबाई खुर्चीत बसून असतात, पाठीला विजेची शेकपिशवी लावून. जिभेला मात्र शेक लागत नाही. पहिल्याच चहाला म्हणाल्या, अगं नवे, एवढं पाणी घालतेस तर नदीवरच का नाही नेलंस आम्हाला.

वर ह्यांची मुलगी, तिशीला टेकलेली. सगळे तिला बेबी म्हणतात. ती कॉम्प्युटरवर खेळ खेळते आणि तो खेळ हजारो माणसं आपापल्या घरी बसून बघतात. त्याचे तिला पैसे मिळतात आणि त्यावरच हे घर चालतं. मला आधी थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात, म्हणून त्यांवर हे लिहीत आहे.

बुधवार, ६ तारीख

आज तो कॉम्प्युटर नीट पाहिला. एका बाजूला काच असलेलं मोठं काळं खोकं, आत रंगीत दिवे, पंखे फिरताहेत. फ्रिजपेक्षा महाग आहे म्हणे. मी वरची धूळ टिपून घेतली तर बेबी एकदम ओरडली, मग हसली आणि म्हणाली, नवी आई, तुझा हात हलका आहे, रोज तूच पूस.

दुपारी तिचा खेळ रंगात होता. मी बाहेर जिना पुसत होते. एकदम पंख्यांचा आवाज थांबला आणि तिची मूठ टेबलावर आपटली. पडदा आधी निळा, मग काळा. सासूबाईंनी कप हवेतच धरला. हे वर्तमानपत्रामागे पान उलटायचंही विसरले. थोड्या वेळाने बेबी खाली आली, पाणी प्याली आणि आम्हा प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा बघून वर गेली.

हे म्हणाले की ते असंच मधूनच बंद पडतं, काही नेम नाही. कधी तासाभरात, कधी चार दिवस काहीच नाही.

शनिवार, ९ तारीख

दुरुस्तीवाला येऊन गेला. भला माणूस, चपला बाहेर काढून आला. म्हणाला, वीज पुरवणारा डबा जुना झालाय, तो नवा घालून बघा. किंमत ऐकून मी मध्येच बोलले. म्हटलं, विकतच्या उपायाआधी फुकटचे सगळे करून बघू. त्यावर तो म्हणाला की मग रीत एकच, एका वेळी एकच वस्तू काढायची आणि चालतं का बघायचं. दोन एकदम काढल्या की दोष कशात होता ते कळत नाही.

बेबीला हे फार आवडलं. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली की इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा कोणी डोक्याचं बोललं. मला मेलीला केवढा आनंद झाला! आता रोज तिच्याबरोबर बसायचं, काढलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधायची. माझं अक्षर बरं आहे. जुन्या पत्रिकांच्या पाठी कापून मी एकदमच गठ्ठाभर चिठ्ठ्या लिहून ठेवल्या, निम्म्यांवर ‘निर्दोष’, निम्म्यांवर ‘शंका’. ऐन वेळी धावपळ नको.

निघताना दुरुस्तीवाला म्हणाला, आधीच्या बाईंनाही हे लवकर जमलं होतं, त्या कुठे आहेत? सासूबाई म्हणाल्या, गेली. तो बिचारा वरमला.

बुधवार, १३ तारीख

मेमरीची एक पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी बंद पडलं. ती परत लावून दुसरी काढली. तरी बंद पडलं. केबल बदलली, प्लग दुसऱ्या भिंतीला लावला, पंखे मऊ ब्रशने साफ केले. मी जप करतच पंखे पुसते, हात आणि तोंड दोन्ही कामाला लागतात.

मग बेबी म्हणाली, दोष खोक्याच्या बाहेरही असू शकतो. म्हणून फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, जीव हळहळला. भिंतीवरचं घड्याळ काढलं. शेजारच्या मांजराला येऊ देणं बंद केलं. संशयाचं सामान हे खाली नेऊन ठेवतात. जिन्याखाली पाच पायऱ्या उतरून एक खोली आहे, लोखंडी दाराची, भिंतीत वर एक झरोका. ती मी अजून आतून पाहिलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, तिथे तुला झाडायला जायला नको, तिथली धूळ जुनी आहे.

सोमवार, १८ तारीख

काल रात्री परत. पाहुण्या खेळाडूंसमोर, ऐन डावात. बेबीच्या ओठातून रक्त आलं, तिने स्वतःच चावला होता.

नाश्त्याला ती शांत होती. म्हणाली, वस्तू संपल्या. आता माणसं राहिली. मला वाटलं विनोद आहे, मी हसले. एकटीच हसले. बेबी म्हणाली, बाबा सामान वाहतात, त्यांना तूर्त सोडू. राहता राहिल्या आजी आणि तू. एका वेळी एकच काढायची, असं ठरलंय ना? मग सांग, आधी कोण?

म्हणजे मला भावाकडे पाठवणार. माझ्या डोळ्यांसमोर वहिनीचं बंद दार आलं. मी म्हटलं, आई. शेकपिशवी लावल्यावर दोनदा बंद पडलेलं मी पाहिलंय. खोटं नव्हतं ते. पण न लावताही पडलं होतं, तेही मी पाहिलं होतं. तेवढं बोलले नाही.

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, चहात पाणी घालणारी, तू जीभही पातळच ठेवलीस गं.

मंगळवार, १९ तारीख

सासूबाई बहिणीकडे गेल्या, असं ह्यांनी सांगितलं. मी बाजारात होते. चपला दाराशीच आहेत, बहुधा नव्या घालून गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात आलं. देवा, क्षमा कर.

सोमवार, २५ तारीख

आठवडाभर एकदाही बंद नाही! बेबीने माझ्या गालाचा मुका घेतला, ह्यांनी चहा स्वतः केला. मला या घराची लक्ष्मी म्हणाले. मी सासूबाईंना फोन करू का विचारलं तर म्हणाले, तिथे फोन लागत नाही. रिकामी खुर्ची पुसून भिंतीला लावून ठेवली. रात्री जप नीट होत नाही, मणी मोजताना मध्येच चुकतो.

गुरुवार, २८ तारीख

आज दुपारी परत बंद पडलं.

मूठ आपटली नाही. मग जिन्यावर तिची पावलं, सावकाश.

मी कणीक मळत होते. मळतच राहिले. फार सैल झाली.

शुक्रवार, २९ तारीख

गोड बोलून सांगितलं. म्हणाली, नवी आई, फक्त संध्याकाळपर्यंत खालच्या खोलीत बस. तुझी वही ने, जप कर, तेवढाच आराम. नको असेल तर तसं सांग, भावाकडे सोडून येतो. मी म्हटलं, बसते. संध्याकाळपर्यंतच तर आहे. ह्यांनी माझ्यासाठी खुर्ची उचलून नेली, सासूबाईंचीच. खाली पोचल्यावर माझ्या मनगटाला सुतळीने चिठ्ठी बांधली. माझ्याच गठ्ठ्यातली. अक्षर माझंच. गाठ फार घट्ट झाली का, असं विचारलं त्यांनी.

मग बाहेरून कडी लावली.

शनिवार, ३० तारीख

संध्याकाळ होऊन गेली. दाराखालच्या फटीतून ताटली आली. मी विचारलं, कधी? बेबी म्हणाली, अजून चालतंय, बघू.

इथे वास आहे. उंदीर मेला असेल असं वाटलं. झरोक्यातून ऊन आलं तेव्हा कॉम्प्युटरच्या रिकाम्या पेट्या बाजूला केल्या.

सासूबाई बहिणीकडे गेलेल्या नाहीत.

हात लावून पाहिला. मनगटाला चिठ्ठी. ‘शंका’. ते ‘श’चं वळणही माझंच.

पदर फाडून तोंड झाकलं. जेवढं येतं तेवढं म्हटलं. मीच म्हणाले होते — आई, असं — मीच.

रविवार

त्यांच्या मागे आणखी पेट्या आहेत, भिंतीपर्यंत. त्या बाजूला करणार नाही.

ते बंद पडावं म्हणून जप करते आहे. बंद पडलं की माझा दोष नाही हे सिद्ध होईल. आजवर देवाकडे कुणाचं वाईट मागितलं नव्हतं. यंत्राचं मागितलं तर चालत असेल.

मंगळवार असावा

पडलं! पडलं! वर पंखा थांबला, मी कानांनी ऐकलं. देवा, तू आहेस. केस सारखे केले, पदर नीट घेतला, चिठ्ठी सोडून हातात धरली. पावलं आली, कडी निघाली —

ह्यांना आत ढकललं आणि दार लावलं.

ह्यांच्या मनगटाला चिठ्ठी. हे रडत होते. मी विचारलं, मला का नाही काढलं? हे म्हणाले, राहिलेल्यांना तपासून झालं की बघू, असं बेबी म्हणते. म्हणाले, तिच्या आईच्या वेळी आठवड्यात सुरळीत झालं होतं. मी विचारलं, मग तिला परत का नाही आणलं? हे त्या मागच्या पेट्यांकडे बघत बसले.

माणूस म्हणावं की — नवरा म्हणावं की —

दिवस कळत नाही

ताटली एकच येते. ह्यांना भूक फार. काल मी जप करत होते तेवढ्यात संपवली, आणि सवयीने बोटाने पुसूनही घेतली.

वर चालू आहे. थांबत नाही. बेबी हसते, लोकांशी बोलते.

नंतर

दारापाशी आली होती. फार आनंदात. म्हणाली, इतके दिवस एकदाही नाही, तुम्हा दोघांमुळेच होतं तर. हे म्हणाले, माझ्यामुळे नव्हे, हिच्यामुळे. मी म्हटलं, मी खाली असतानाही पडलं होतं, मग माझ्यामुळे कसं? ह्यांच्यामुळे, ह्यांना ठेव, मला काढ. हेही तेच ओरडत होते. दोघं एकदम ओरडत होतो.

ती म्हणाली, कोणामुळे ते कळायला एकेकाला परत वर न्यावं लागेल. आणि परत बंद पडलं तर? चालतंय ना, मग कशाला हात लावायचा.

मी म्हटलं, जेवण तरी —

म्हणाली, हो गं, त्याचाही विचार केला. दाराशी येणं हाही बदलच. उगाच कशाला.

गेली. खरंच गेली.

—

ताटली नाही.

हे पेट्या ओढतात. त्यात काही मिळतं का बघतात. मी तिकडे बघत नाही.

—

पाणी झरोक्याच्या कडेला साचतं. हे उंच आहेत. मला वर चढवत नाहीत —

—

लिहायला हात —

देवा, ते बंद पाड. नको. बंद पडलं तर काढायला अजून कोण राहिलंय, ती येणारच नाही, आमच्यावरच — चालू दे. चालू राहिलं तर दार कधीच — देवा, मागू तरी काय. बंद पाड. नको, चालू —

हे उठले. माझ्याकडे बघताहेत. मघापासून बघ