ब्याण्णव सालचं तळं

मातर, २४ ऑक्टोबर १९९४

ती. लोकुअम्मा,
गुडघे टेकून नमस्कार, वि. वि.

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. प्रवेशाच्या चौकशीच्या साहेबांनी नुसते कागद पाहिले, असं कळवलं होतं. तसं नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला: ब्याण्णवच्या ऑगस्टात आंघोळीला कुठे जात होतीस? मी म्हटलं, तळ्यावर. त्यांनी ते लिहून घेऊन माझी सही घेतली.

तुमच्याकडे तीन वर्षं राहिल्याचा दाखला आहे खरा, पण मी यायचे ती फक्त परीक्षेपुरती. बाकी सारा काळ इथले क्लास. याच गुणांवर मातरमधून मेडिकलला नाव लागलं नसतं. तुमच्या मोनरागल जिल्ह्याला कमी गुणांची सवलत, म्हणून तिथून लागलं.

तळ्याला पाणी होतं ना?

तुमच्या धाकट्या बहिणीची लेक,
दिल्रुक्षी

वेल्लवाय, ३ नोव्हेंबर

चि. दिल्रुक्षीस अनेक आशीर्वाद.

बाळ, त्या वर्षी तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. सगळं गाव विहारामागच्या हातपंपावर. एवढे क्लास केलेस, हे कोणी शिकवलं नाही?

मंगळवारी साहेब जीपने आला. मी म्हटलं, म्हातारीला काय आठवणार. एरवी मला म्हातारी म्हणणाऱ्याशी मी भांडते.

मग तो ग्रामसेवक जिनदासांकडे गेला. दाखल्यावर सही त्यांची, माझ्या शब्दाखातर केलेली. त्यांची लेक हेमामाली मेडिकलच्या यादीत तुझ्या लगेच खाली. तू गळलीस तर जागा तिची. मी कुंपणाशी उभी होते. ती म्हणाली, "आम्ही दोघी पंपावरून पाणी आणायचो, साहेब. ती विसरली असेल." खरं बोलती तर बापाची नोकरी जाती.

तेव्हापासून पोर माझ्या फाटकासमोरून मान खाली घालून जाते. सतरा तारखेला साहेब तिची सही घ्यायला परत येणार आहे, तळ्याची पाणी-नोंदवही घेऊन.

तू गप्प राहा. हे पत्र जाळ.

लोकुअम्मा

मातर, ८ नोव्हेंबर

ती. लोकुअम्मा,
नमस्कार.

पत्र जाळलं नाही. वडील म्हणतात, सगळेच करतात, तू काय जगावेगळं केलंस? त्यांनी स्टेथोस्कोपही आणलाय. मी हात लावलेला नाही.

हेमामालीने सही केली तर तीही खोटी ठरेल, आणि तिचीही जागा जाईल. ती सही करायच्या आत मी साहेबांच्या कोलंबोच्या कचेरीत जाऊन लेखी देणार आहे, की मी तिथे राहत नव्हते. जिनदासमामांचं काय होईल, मला सांगता येत नाही. पत्र पोचेल त्याच दिवशी त्यांना सांगा, म्हणजे निदान स्वतःहून कबूल करायला त्यांना चार दिवस मिळतील.

रागवाल. रागावूनही लोभ थोडा शिल्लक ठेवा.

दिल्रुक्षी

ता. क. कोलंबोची पहिली बस, सोमवार, १४ नोव्हेंबर.