शपथेआधी पुन्हा एकदा मत

आयसेलिन, ऑक्टोबर १९८७, मंगळवार

"तिकडे खुशाल राहा, पण इथे यायला परवानगी मागायची वेळ आणू नकोस." मी निघाले तेव्हा बाबा विमानतळावर म्हणाले होते.

शुक्रवारी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ. मग साताऱ्याला आईकडे जायलाही व्हिसा. शपथ घ्यायची का, यावर मागच्या महिन्यात जेवताना आम्ही घरातच मतदान केलं, बहुमताने ठरेल ते सगळ्यांनी करायचं म्हणून. नवऱ्याने, अरविंदने, हात वर केला, आमच्या मीनलनेही. माझा उष्टा हात ताटातच राहिला.

पण परवा किराणा घेऊन बाहेर पडले, तर गाडीतली पोरं माझ्या कुंकवाकडे बोट दाखवून "गो होम" ओरडली. ओरडून निघून गेली नाहीत. इंजिन चालू ठेवून बघत राहिली.

अरविंद म्हणतो, "म्हणूनच तर हवा ना इथला पासपोर्ट!" त्या पोरांना काय, पासपोर्ट दिसणार होता?

आज म्हटलं, पुन्हा मत घेऊया. मीनल हसली. "आई, यू लॉस्ट! हरलीस म्हणून रीमॅच नाही मिळत."

हा रडीचा डाव आहे का? की नवं काही कळलं तर पुन्हा विचारावंच? आणि मीनल तर इथेच जन्मली. तिला शपथ घ्यावीच लागत नाही, तरी तिच्याच मताने माझं ठरलं.

अंधार पडलाय. समोर एक गाडी उभी आहे, इंजिन चालूच. शेजाऱ्यांची असेल.

सकाळी मीनलशी बोलणार आहे. ती नाहीच म्हणेल, तरीही. बाळा, पुन्हा मत घेतलं, तर या वेळी तू हात वर करू नकोस.