शिशातली पावलं

ॲशकोम
१७ जून २०२४

प्रिय एनिड,

गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डाऐवजी जूनमध्येच पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. उलट इथे नुसती धमाल चाललीय!

चर्चच्या मनोऱ्याचं छत बदलतायत. शिशाचे पत्रे उचलले, तर खालच्या ओकच्या तुळया सातशे वर्षांच्या निघाल्या. आमच्या पाद्रीबाई शिडीवर उड्या मारायच्याच बाकी होत्या. आणि पत्र्यांवर काय, तर बूटच बूट! वर गेलेल्याने पाय टेकायचा, खिळ्याने भोवती रेघ मारायची, आत नाव-तारीख कोरायची. सगळ्यात जुना १७०८चा, चौकोनी नाकाचा. खाटीक रोलंडला पणजोबांचा बूट सापडला, तर पठ्ठ्या त्यात स्वतःचा पाय बसवून बघत राहिला. पंचाहत्तरीत मी दिवसातून चारदा तो जिना चढले. चर्चची देखभाल बघणारी वॉर्डन म्हणून यादी मलाच करायची होती ना. कोपऱ्यातला तो नवा दगडी कळसही जवळून पाहिला. असो, ते राहू दे.

एक्केचाळीस बूट लिहिले. बेचाळिसावा नाही लिहिला. त्याच कोपऱ्यात, छोटीशी सँडल. शिशाचं काम करणारा कॉलिन म्हणाला, "ही कुणाची, मिस हार्कर? सोमवारी सगळं वितळवायला जातंय." मी म्हटलं, पुसट आहे, वाचता येत नाही. धडधडीत खोटं. म्यु. हा., ९ जून १९६२. लख्ख दिसतंय.

हो, जुना कळस चर्चच्या देवडीवर कोसळला तोच दिवस. बाबांच्या खुंटीवरून मनोऱ्याची किल्ली मी काढली होती. रेघ मारताना तोल गेला, कळसाला धरलं, तो सुटलाच. आई म्हणाली, ही एनिडच असणार, आणि मी मान हलवली. तेरा वर्षांची होते, टरकले होते. पण पुढे तर मोठी झाले की. तीस वर्षं सांभाळलेली मनोऱ्याची किल्ली चर्चने बाबांकडून काढून घेतली, ते तुझ्याशी बोलेनासे झाले, तू घर सोडलंस, आणि मी आपली गप्प.

काल प्रार्थनेनंतर यादी वाचली. बेचाळिसाव्यासकट. काय घडलं तेही सगळ्यांसमोर सांगितलं. मग म्हाताऱ्या मिसेस पेनफोल्डनी पहिल्या बाकावरून विचारलं, "एनिडला सांगितलंस का?"

सांगतेय. बाबांना सांगायचं राहून गेलं, त्याला आता इलाज नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही मला. पण गावाला आता ठाऊक आहे, एनिड. तू कधीही ये, कुणाच्याही नजरेला नजर देऊन ये. मान खाली घालायची ती मी घालीन.

बासष्ट वर्षं तुझ्यावर आळ राहू देणारी
तुझी धाकटी,
म्युरिअल