काचेच्या गोडाऊनमधला खांब

आई, उद्यापासून मला पोरीला गोडाऊनवर न्यावं लागणार हाय. हेच तुला आधी सांगायचं होतं. बाकी काय लिहायचं ते मला माहीत नाय. मी चौथीपर्यंतच शिकले, पण सांगायला दुसरं कोणी नाय म्हणून पिठाच्या डब्याखालच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायला बसले. पोरीचा बाप ट्रकवर असतो, एकदा गेला की आठ-आठ दिवस येत नाय. शेजारची आजी तिला सांभाळायची, त्या आजीला तिच्या मुलानं परवा इगतपुरीला राहायला नेलं. पोरगी आता रांगते, सापडेल ते तोंडात घालते. आणि मी काम करते ते तिथंच, जिथं तू करायचीस, नाशकातल्या द्वारका चौकामागच्या फुटक्या काचेच्या गोडाऊनमध्ये. तशीच बसते, तशीच काच निवडते. पांढरी एकीकडं, हिरवी एकीकडं, तपकिरी एकीकडं. गोण्या भरल्या की सातपूरच्या कारखान्यात जातात, तिथं भट्टीत वितळून पुन्हा बाटल्या होतात. काम सोडून चालत नाय आणि तिला घरात कोंडून जाता येत नाय. दोन दिवस मी एवढाच विचार करतेय. रडू पण येत नाय. भाकरी थापते, पोरीला भरवते, आणि आतून काहीच वाटत नाय.

तू मला बांधायचीस ते मला आठवतं. तुझ्या जुन्या साडीची पट्टी, कमरेला दोन वेढे, आणि गाठ पाठीमागं, म्हणजे माझा हात पोचायचा नाय. दुसरं टोक कशालाही, कधी वजनकाट्याच्या पायाला, कधी दाराच्या कडीला. चार वर्षांची झाले तरी बांधायचीस. मी पट्टी ताणून ताणून तुझ्याकडं यायला बघते, आणि तू मान वर करून नुसती बघतेस, मी किती लांब आलेय ते, मग परत खाली काचेत बघतेस. मला राग यायचा. लग्न झालं तरी तो राग होता, मी कोणाला बोलले नाय.

तो साहेब आला तो दिवस मला थोडा आठवतो, बाकीचा मावशीनं सांगून सांगून पाठ झालाय. तीच मावशी, तुझ्या शेजारी बसून हिरवी काच निवडायची ती. कारखान्यात नवीन मशिन बसवायला तो युरोपातून आला होता, आणि काच कुठून येते ते बघायचं म्हणून शेठ त्याला गोडाऊनवर घेऊन आला. बरोबर कारखान्याचा एक इंजिनिअर, तो मराठीत सांगत होता. साहेबानं एक हिरवा तुकडा उचलला आणि म्हणला, ही काच कितीदा पण वितळवा, ती जुनी होत नाय, आमच्याकडं आजोबाच्या काळातली काच अजून फिरतेय. तिकडं म्हणे लोक आपल्या बाटल्या आपणच कोपऱ्यावरच्या पेट्यांमध्ये नेऊन टाकतात, रंगाप्रमाणे वेगळ्या. मावशी म्हणली, त्याला विचारा, पिणारा स्वतः नेऊन टाकतो का त्याची बायको? साहेबाला सांगितल्यावर तो लय हसला. मग तू विचारलंस, सगळं लोकच निवडून देतात तर तिथं आमच्यासारख्या बाया काय करतात? इंजिनिअरनं त्याला सांगितलं. साहेबानं हातातला तुकडा परत ढिगात ठेवला.

आणि तेव्हाच त्याला मी दिसले, वजनकाट्याला बांधलेली. त्याचं तोंड उतरलं. इंजिनिअर शेठला बाजूला घेऊन म्हणला, जिथं लेकरं असतात तिथला माल कंपनी घेणार नाय. शेठनं तुला सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून पोरगी आणायची नाय, आणि आधी तिला सोड. तू जागची उठली नाहीस. हातातली काच खाली ठेवलीस आणि म्हणलीस, "साहेबाला सांगा, हिला सोडते. पण आधी ही सगळी काच तुम्ही उचला."

कोणी काय उचललं नाय. साहेब माझ्याजवळ येऊन खाली बसला, पट्टी बोटानं ओढून बघितली, कमरेला रुतते का ते. मग उठून गाडीत बसला.

पुढं कारखान्यातून सगळ्या बायांना जाड हातमोजे आले, आणि दाराजवळ लोखंडी खांब रोवून पाटी लावली, लहान मुलांना आत मनाई. तू त्याच खांबाला मला बांधायला लागलीस. शेठ बघून न बघितल्यासारखा जायचा, फक्त कारखान्याची गाडी आली की तू मला गोण्यांच्या मागं न्यायचीस. हातमोजे तू हातात घातलेच नाहीस, मोजे घातले तर काच कोणती नि चिनी माती कोणती ते कळत नाय म्हणायचीस. ते तू माझ्या पायात घातलेस. पाचही बोटं पुढं लोंबायची. मावशी म्हणायची, आलं गं बदक.

मला तू एकदाच मारलंस. मी सात-आठ वर्षांची, तुझ्या शेजारी बसून निवडायला लागले होते, आणि फुटक्या कपाचा एक तुकडा छान पांढरा दिसला म्हणून पांढऱ्या काचेच्या गोणीत टाकला. तू अख्खी गोणी उपडी केलीस, तो शोधून काढलास आणि मग माझ्या पाठीत मारलंस. म्हणलीस, "हा वितळत नाय. बाटलीत खडा होऊन बसतो. गरम दूध ओतलं की तिथंच फुटते बाटली. कोणाच्या तरी पोराच्या तोंडाशी असते ती." मग परत कामाला लागलीस. तेव्हा तुझ्या बोटांची जाणीव गेली होती. एवढ्या वेळा कापलेली बोटं, त्यांना काय लागायचंच नाय. शंका आली की तुकड्याची सपाट बाजू तू गालाला लावून बघायचीस. मला ताप आला की पण हात लावायची नाहीस, गाल टेकवायचीस. मला वाटायचं सगळ्या आया असंच बघतात.

तू काविळीनं गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची. आता सगळं बदललंय. सलाईनच्या बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या, थंड पेयाच्या पण. काच कमी येते. आता नाशकात वाईनचे कारखाने झालेत, त्यांच्या जाड हिरव्या बाटल्या येतात, काही युरोपातूनच आलेल्या असतात म्हणे. शेठचा मुलगा सांगत होता, तिकडच्या भट्ट्या पण बंद पडतायत, गॅस महाग झालाय. आणि तिकडं आता उजेड पाडून काच निवडायचं मशिन हाय, ते इथं आलं की तुमची सुट्टी. मी ऐकून घेतलं. मला त्याची भीती नाय वाटली. मला उद्याची वाटते.

मावशीला मी काल विचारलं, काय करू? ती आता नीट उठत पण नाय, पण अजून निवडते. म्हणली, "बांध की. तुला बांधली तर तू मेली का? खांब हाय अजून तिथंच." पाटीवरची अक्षरं गंजून गेलीत. खांब हाय.

परवा पोरीला ताप असेल असं वाटलं म्हणून मी कपाळाला हात लावला आणि मला काय कळलंच नाय. परत लावला. मग गाल टेकवला, तेव्हा कळलं, अंग कढत नव्हतं. माझी बोटं पण जायला लागलीत आई.

तुझी पट्टी नाय राहिली. माझ्या साडीची फाडली, चांगली मऊ. ते हातमोजे अजून हायेत, एका बोटाला उंदरानं कुरतडलंय, ते तिच्या चड्डीला गुडघ्यांवर शिवून टाकीन. आज बांधून बघितलं. गाठ पुढं बांधली तर तिनं लगेच तोंडात घातली. मग मागं बांधली. ती रडली नाय. पट्टी ताणून माझ्याकडं आली, पोचली नाय, तिथंच बसली. ती किती लांब आली ते मी बघितलं, आणि खाली बघितलं.

हा कागद परत पिठाच्या डब्याखाली घालते. एक सांगायचं राहिलं. ती अजून बांधलेलीच हाय, कॉटच्या पायाला. लिहायला लागले तेव्हापासून मी तिला सोडलेलं नाय.