उबाल्दोला बुडवल्याबद्दल

साल्तो, सोमवार

प्रिय ओतिलियाताईस, धाकट्या नेलिदाचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

तुझे गुडघे कसे आहेत? रोसारियोत हवा दमट आहे असं रेडिओवर ऐकलं आणि आधी तेच आठवले. मी बरी आहे, फक्त म्हातारपणी लेखिका झाले आहे. (हसू नकोस. फोनवर कथा टाकायची एक जागा असते, तिथे दर रविवारी मी एक प्रकरण टाकते. एकतीस वाचक आहेत. त्यातल्या चार आपल्या एर्नेस्तोच्या मुली, मी विचारते म्हणून बिचाऱ्यांना वाचावंच लागतं. आणि बोलिव्हियातली एक बाई फक्त माझे स्वल्पविराम तपासायला येते. उरलेले सव्वीस मात्र मनापासूनचे.)

कथा आपलीच आहे. लिहायला बसले की आई चुलीवर संत्र्यांच्या साली वाळवायची तो वास येतो, आणि तू खिडकीत उभं राहून नदीकडे बघतेस, रविवारचा पांढरा ब्लाउज घालून, वार बुधवार असला तरी. पण चौदाव्या प्रकरणात नायकाचं काय करावं ते सुचेना, वाचकही वाढेनात, म्हणून मी त्याला पुरात बुडवला. (नाव बदललं होतं. उबाल्दोचं एबाल्दो. तेवढं पुरेल असं वाटलं.) एका दिवसात चाळीस अभिप्राय! बोलिव्हियाच्या बाईने स्वल्पविराम सोडून चक्क रडका चेहरा पाठवला.

गुरुवारी दुपारी सगळा गाव आडवा झालेला असताना दार वाजलं. बघते तर खुद्द उबाल्दो, शहात्तर वर्षांचा, टोपी हातात. नातीने वाचून दाखवलं होतं म्हणे.

"नेलिदा, मारलंस ते एक वेळ सोड. पण बुडवलंस? मला? तुझ्या ताईला पलीकडची कॅरॅमल आणायला ही नदी मी पोहून पार करायचो!"

"अहो, कथेत चालतं तसं."

"चालतं म्हणे! निदान घोड्यावरून तरी पाडायचंस."

मी माते, आपला तो कडू पाल्याचा चहा, करून दिला तेव्हा कुठे शांत झाला. मग कपात बघत हळूच म्हणाला, "आणि तो धक्क्यावर आलाच नाही, असं का लिहिलंस गं? मी आलो होतो. सहाच्या आधीपासून उभा होतो. तीच निघून गेली होती." माझी जीभ पोळली.

असो. एबाल्दोला एखाद्या फांदीला धरून वाचवायचं म्हणते. बाकी सगळं ठीक.

तुझी,
नेलिदा

ता. क. : बोट चारची होती. निरोप द्यायला तू मला पाठवलंस, आणि मी त्याला सहा सांगितलं. विसरले नव्हते, मुद्दाम सांगितलं. तेरा वर्षांची होते; वाटलं, तो आला नाही की तू घरी परत येशील आणि रोज सकाळी माझ्या वेण्या घालशील. तू एकटीच बोटीत बसशील हे डोक्यातच आलं नाही. ताई, हे एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी चौदा प्रकरणं लिहिली, आणि ते जवळ आलं तसा घाबरून त्या बिचाऱ्यालाच बुडवला.

ता. क. दुसरा : त्याला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. तुझं उत्तर येईपर्यंत पंधरावं प्रकरण टाकणार नाही, मग एकतीसचे तीन वाचक उरले तरी चालतील. शिव्या मात्र पत्रातून घालू नकोस, इथे येऊन घाल. बोट अजून सुटते. किती वाजता, ते मला न विचारता धक्क्यावर विचार.