होळीनंतर काळा पडू लागलेला मॉनिटर

अन्यायाची तारीख व वेळ: रविवार, १२ एप्रिल २०२६, सकाळी ११ वाजून २३ मिनिटे

रायपूर,
शुक्रवार, १७ एप्रिल

चि. प्रशिक यास आत्याचा सप्रेम जय भीम.

तू, तुझी नोकरी आणि पुण्यातलं तुझं नवं घर, तिघंही ठीक असाल असं धरून चालते. माझी तब्येत सोमवारपर्यंत तुझ्यामुळे बिघडलेली होती, आता बरी आहे. तक्रारीच्या पत्रात तारीख आणि वेळ सगळ्यात वर लिहावी, असं सिस्टर फिलोमिनांनी आम्हाला आठवीत शिकवलं. (तुमच्या शाळेत पत्र शिकवत नसावेत. तुझं शेवटचं पत्र म्हणजे एक अंगठा होता, तोही पिवळा.)

दिवाळीत येऊन तू माझ्या लॅपटॉपमधलं पंधरा वर्षांच्या सवयीचं विंडोज पुसलंस आणि लिनक्स घातलंस. "आत्या, ये फ्री है, और व्हायरस का टेन्शन ही नहीं." माझा डावा डोळा आता नावापुरताच आहे म्हणून चोवीस इंची मॉनिटरही लावून दिलास आणि मध्ये तो काळा डबा ठेवलास, ज्याला तू डॉकिंग स्टेशन म्हणतोस. (रेल्वेच्या घरात आयुष्य गेलं, पण ज्याला फलाट नाही असं स्टेशन मी पहिल्यांदाच पाहिलं.) लॅपटॉपला एकच वायर; मॉनिटर, कॅमेरा, माईक सगळे त्या डब्याच्या भरवशावर. होळीपर्यंत हे सगळं छान चाललं, एवढं मी प्रामाणिकपणे कबूल करते.

होळीनंतर मात्र दर रविवारी, बीरगांवच्या मुलींचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला की वीस-बावीस मिनिटांत मॉनिटर काळा. गेल्या रविवारी तर हद्द झाली. त्या मुलींतल्या रुचिताची गुरुवारी नवा रायपूरच्या एका हॉस्पिटलात नर्सच्या नोकरीची मुलाखत. मुलगी हुशार आहे, पण इंग्रजीत कोणी नाव विचारलं तरी आधी सॉरी म्हणते. अकरा तेवीसला तिने पहिल्यांदा सॉरी न म्हणता "मायसेल्फ" सोडून नीट वाक्य सुरू केलं, आणि पडदा गेला, कॅमेरा गेला, माझा आवाज गेला. तिचा चेहरा लॅपटॉपवर पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला. ती बिचारी नऊ मिनिटं एकटीच बोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही काहीच बोलून नाही राहिल्या, मी एवढी खराब बोलली का?" माझं काळीज चिरलं गेलं, आणि त्याला जबाबदार तू होतास.

त्यानंतर फोनवर तू माझ्याकडून जे करवून घेतलंस ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. वायर काढून उलटी लाव. लावली. लॉगिनच्या पानावर खाली चाकाचं चित्र आहे, त्यात दुसरं सेशन निवड. निवडलं. (त्यात मॉनिटर उजवीकडे आणि माऊस डावीकडच्या भिंतीत, अशी अर्ध्या तासाची नवी करमणूक झाली.) जुन्या कर्नलने सुरू कर. केलं. (हा कर्नल लष्करातला नव्हे, लिनक्सच्या पोटातला.) "आत्या, टर्मिनल खोलो ना, जो भेजा है वो पेस्ट करो." खोलला, पेस्ट केलं, ओळी अशा धावल्या की वाचायला उरला-सुरला डोळाही पुरेना. दर वेळी मी डबा समोर ओढून वायर काढायची, लावायची, मॉनिटर लगेच सुरू. मग मी सगळं जागच्या जागी नीटनेटकं करायची, आणि वीस मिनिटांत पुन्हा काळा! तू विचारलंस, "होळीला काही बदललं होतं का?" मी ठामपणे नाही म्हणाले. इंटरनेटवर लिनक्सवाले जमतात त्या एका चौकातही मी सविस्तर तक्रार टाकली. एका गृहस्थांनी मला "ब्रो" म्हटलं आणि त्यांच्याकडे सगळं चालतं असं कळवलं. मी त्यांचं अभिनंदन केलं.

सोमवारी संध्याकाळी तुझे आतोबा तिथून चालले होते. तुला माहीतच आहे, चौतीस वर्षं त्यांनी स्टेशनात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कडेने चालत प्रत्येक चाकाच्या पेटीला हाताची मागची बाजू लावून ती तापली का ते पाहिलं. (लग्नानंतर पहिल्यांदा माझा ताप पाहिला तोही तसाच.) त्यांनी डब्याला तसाच हात लावला आणि म्हणाले, "हे तं हॉट एक्सल हाय! चटका बसून राहिला. गाडी उभी कर." पुढे त्यांनी जे केलं त्याला तीन सेकंद लागले आणि त्याचा तपशील महत्त्वाचा नाही. बुधवारी रुचिता सलग एक तास दहा मिनिटं मला चेहराभर दिसली. काल तिचा फोन आला, निवड झाली. मुलाखतीत ती एकदाच सॉरी म्हणाली, तेही खुर्चीला पाय लागला म्हणून. मी फोन ठेवला आणि मॉनिटरची काच पदराने पुसली. तुझ्यावरचा राग तिथेच थोडा कमी झाला.

तुझी,
आत्या

ता. क. : रुचिताचं ऐकून आणखी चार पोट्ट्या येणार आहेत. डब्याच्या मागे दुसऱ्या मॉनिटरची जागा रिकामी दिसते. तिथे लावला तर लिनक्सला चालेल का?

ता. क. २ : सिस्टर फिलोमिनांनी आम्हाला क्रोशाही शिकवला. आपल्या घरात टीव्ही, फ्रीज, मिक्सर, कोणीही उघडं राहत नाही. डब्याचं गुलाबी कव्हर होळीच्या आदल्या दिवशी विणून झालं होतं, दुहेरी दोऱ्याचं, चारी बाजूंनी घट्ट. आतोबांनी ते उचललं, एवढंच.

ता. क. ३ : त्याच दोऱ्याचं एक कव्हर मी मार्चमध्ये पुण्याला निघालेल्या शेजारच्या कलावती वहिनींसोबत तुझ्या वायफायच्या डब्यासाठी पाठवलं. तुझं इंटरनेट रोज संध्याकाळी जातं म्हणून तू कंपनीशी महिनाभर भांडतो आहेस, असं वहिनी म्हणाल्या. कंपनीला पुढचं पत्र पाठवण्याआधी कव्हर काढ, आणि काढलं की नाही ते रविवार, २६ एप्रिल, सकाळी अकराच्या आत लेखी कळव. अंगठा चालणार नाही. फोन तर मुळीच करू नकोस, तू हसशील.